ऑर्किडमधून जायगॅन्टॉल वेगळं काढायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

शोधनिबंधातली कृती वाचली की काम सोपं वाटतं. खोडाची भुकटी मेथॅनॉलमध्ये भिजवली, अर्क आटवला, कॉलम (सिलिका भरलेली उभी काचनळी) चालवला, शुद्ध संयुग मिळालं. चार ओळींत विषय संपतो. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत त्या चार ओळींना महिने लागतात, आणि ज्या जागी नवखा माणूस अडकतो त्या जागांबद्दल निबंधात अवाक्षर नसतं. या वाटेने मी गेलो आहे. तुमच्या हातात पहिल्यांदाच ऑर्किडची खोडं आली असतील, तर कुठे घाई करायची नाही आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

उदाहरण म्हणून जायगॅन्टॉल हे ऑर्किडमधलं फिनॉलिक संयुग (बेंझिन वलयावर हायड्रॉक्सिल गट असलेलं) घेतलं आहे. सिम्बिडियम जायगॅन्टियम या ऑर्किडवरून त्याला हे नाव मिळालं. पुढे डेन्ड्रोबियमच्या अनेक जातींतही ते सापडलं, डेन्ड्रोबियम नोबिल ही त्यातली नेहमीची. रेणूची रचना नवशिक्याला समजायला सोयीची आहे: बेंझिनची दोन वलयं, त्यांना जोडणारा दोन कार्बनांचा पूल, आणि प्रत्येक वलयावर एक हायड्रॉक्सिल व एक मिथॉक्सी गट. एकूण १६ कार्बन, १८ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन, रेणुभार २७४. अशा सांगाड्याला बायबेंझिल म्हणतात. मॉस्कॅटिलिन, बॅटाटॅसिन-३ ही याच घराण्यातली संयुगं, त्यामुळे इथली पद्धत थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडते.

ऑर्किड हे पदार्थ बनवतं कशाला, हेही ठाऊक असू द्या. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बीला स्वतःचा अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात रुजण्यासाठी तिला बुरशीची साथ लागते. पण तीच बुरशी कंदात शिरून सगळं खाऊ लागली तर झाड संपेल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १९०९च्या सुमारास ऑर्किडच्या कंदांचे तुकडे बुरशीजवळ ठेवून पाहिले, तेव्हा कंदातून झिरपणाऱ्या कशामुळे तरी बुरशीची वाढ थांबते असं त्यांना दिसलं. पुढच्या काळात ऑर्किस मिलिटारिसच्या कंदातून ऑर्किनॉल मिळालं आणि या बचावामागे फिनॉलिक पदार्थ आहेत हे स्पष्ट झालं. जायगॅन्टॉल त्यांच्याच नात्यातलं. म्हणूनच झाडाचं वय, ऋतू, बुरशीचा संसर्ग, खोड की मूळ, या सगळ्यांनी त्याचं प्रमाण बदलतं. निबंधात लिहिलेलं प्रमाण तुमच्या झाडात मिळेलच असं धरून चालू नका.

आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं:
- झाड कुठून आलं याचा पुरावा: रोपवाटिकेची पावती किंवा कृत्रिम लागवडीचं प्रमाणपत्र
- झाड वा वाळलेला माल सीमेपलीकडून येणार असेल तर साइट्सचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा) परवाना
- मूळ देशाच्या जैवविविधता कायद्यानुसार लागणारी संशोधन-परवानगी
- हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक आणि जात ओळखणाऱ्या तज्ज्ञाची नोंद
- वापरणार त्या प्रत्येक द्रावकाचं सुरक्षापत्रक

साधनं: हवा खेळती ठेवणारा ओव्हन, ग्राइंडर, काचेची झाकणबंद भांडी, रोटाव्हॅप (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र), सेपरेटिंग फनेल, सेंट्रिफ्यूज, सिलिकाच्या टीएलसी प्लेटा (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या), २५४ आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, काचेचे कॉलम, सिलिका जेल, सेफाडेक्स एलएच-२० (कॉलममध्ये भरायचे जेलचे कण), आणि चालू हूड (वाफा ओढून घेणारं कपाट). एचपीएलसी (उच्च दाबाखाली पदार्थ वेगळे करणारं यंत्र), मास (रेणूंचं वजन मोजणारं) आणि एनएमआर (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारं) यांची वेळ आधीच मागून ठेवा, कारण तिथली रांग तुमच्या सोयीने सरकत नाही.

१. झाड ठरवा, आणि ते जंगलातलं नको

संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे. बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, तर पॅफिओपेडिलमसारख्या काही पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत. निर्जंतुक बाटल्यांतली रोपं आणि लागवडीतले काही संकर यांना ठराविक अटींवर सूट आहे. पण ती सूट आपल्या मालाला लागते की नाही, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. अनुवंशिक संसाधनांच्या वापराबाबतचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आहे. अनेक नियतकालिकं आता निबंध स्वीकारण्याआधी हे कागद मागतात. कागद नसतील तर प्रयोग कितीही चोख असला तरी तो छापून येणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं म्हणणं तेच राहील. किलोभर वाळलेल्या खोडातून हाती येतात ते मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी फांद्यांवरून रानातली डेन्ड्रोबियम ओरबाडून आणणं मला मान्य नाही. औषधी बाजारामुळे या वंशाच्या कित्येक जाती आधीच विरळ झाल्या आहेत. ऊतिसंवर्धनातून वाढवलेली रोपं मिळतात, ती घ्या. एकाच वयाचा, एकाच जातीचा माल मिळतो, हा त्यातला मोठा फायदा.

२. जात पक्की करून घ्या

सगळ्यात जास्त काम इथेच वाया जातं. पानं गळालेली दोन डेन्ड्रोबियमची खोडं शेजारी ठेवली तर मुरलेला माणूसही नाव सांगताना थबकतो. वाळवून कापलेले तुकडे असतील तर डोळ्यांनी जात ओळखता येत नाही, असंच समजा. बाजारात एकाच नावाखाली अनेक जातींची खोडं सर्रास विकली जातात.

म्हणून झाड फुलेपर्यंत थांबा. फूल, पान, स्यूडोबल्ब (ऑर्किडचं फुगीर खोड) आणि मूळ असा पूर्ण नमुना दाबून हर्बेरियममध्ये द्या आणि क्रमांक घ्या. फुलाचा ओठ दाबल्यावर चुरगळतो आणि ओळख बऱ्याचदा त्यावरच ठरते. एखादं फूल अल्कोहोलमध्ये वेगळं ठेवा आणि ताजं असतानाच जवळून फोटो काढा. फुलण्याइतका वेळ नसेल तर पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवून डीएनए बारकोडिंगसाठी राखा. नमुना क्रमांक नसलेल्या झाडातून मिळालेल्या संयुगाची किंमत निम्मी होते. तोच प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहायचा झाला, तर त्याने कोणतं झाड घ्यायचं?

३. वाळवणं आणि दळणं

डेन्ड्रोबियमचं खोड वरून चिवट आणि आतून चिकट असतं. अख्खं खोड वाळत ठेवलं तर बाहेरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून बुरशी येते. धुऊन, पुसून दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करा आणि ४० अंश सेल्सियसच्या आसपास, उन्हाबाहेर वाळवा. चकती वाकवल्यावर कटकन तुटली पाहिजे. ती वाकून राहिली तर अजून ओल आहे.

दळताना ग्राइंडर तापू देऊ नका, थांबत थांबत चालवा. पीठ अगदी बारीक करायचा मोह टाळा. बारीक पिठातून चिकट पॉलिसॅकराइड जास्त सुटतात आणि गाळणकागद तुंबतो. जाड रव्याएवढी भुकटी पुरते. वजन घ्या, आणि थोडी भुकटी डबीत नाव-तारखेसह राखून ठेवा.

४. आधी पाच ग्रॅमवर चाचणी

सगळी भुकटी एकदम भिजवू नका. पाच ग्रॅम घ्या, ५० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये रात्रभर ठेवा, गाळा आणि एलसी-मासवर (पदार्थ वेगळे करून त्यांचं वजन मोजणाऱ्या जोडयंत्रावर) चालवा. ऋण आयन पद्धतीत (इथे रेणूतला एक प्रोटॉन निघून जातो) जायगॅन्टॉल २७३.११ला दिसायला हवं. तिथे काहीच नसेल तर या मालावर पुढचे महिने घालवू नका.

शिखर दिसलं तरी ते जायगॅन्टॉलच आहे असं म्हणता येत नाही. हायड्रॉक्सिल आणि मिथॉक्सी यांच्या जागा बदलल्या की तोच रेणुभार असलेली भावंडं तयार होतात. या टप्प्यावर वहीत 'संभाव्य' एवढंच लिहा.

५. अर्क काढणं

भुकटीच्या वजनाच्या पाच ते दहापट मेथॅनॉल, खोलीच्या तापमानाला, अधूनमधून हलवत एक दिवस. मग गाळून ताजं मेथॅनॉल, असं तीनदा. इथेनॉलही चालतं आणि ते कमी विषारी आहे. सोक्सलेट (गरम द्रावकाने सतत अर्क काढणारं उपकरण) वापरू नका: तासन्‌तास उष्णता मिळाली की फिनॉल काळवंडतात. तिन्ही अर्क एकत्र करून रोटाव्हॅपवर ४० अंशांच्या आत आटवा.

प्लास्टिकबद्दल इथेच सांगतो. द्रावक प्लास्टिकच्या नळीतून, डब्यातून, झाकणातून गेला की थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं) उतरतात. टीएलसीवर त्यांचा छान वेगळा ठिपका दिसतो, मासमध्ये १४९चं ठसठशीत शिखर येतं, आणि नवखा माणूस 'नवीन संयुग' मिळालं म्हणून हरखतो. ईथर आणि टीएचएफ या द्रावकांमध्ये टिकवणीसाठी बीएचटी मिसळलेलं असतं, आणि ते तर खरोखरचं फिनॉल आहे. म्हणून काच आणि टेफ्लॉनच वापरा. शिवाय भुकटी न घालता नुसता द्रावक तेवढाच घेऊन, तसाच आटवून कोरी चाचणी करा. तिचा ठिपका प्रत्येक टीएलसी प्लेटवर शेजारी ठेवलात तर ही फसगत होत नाही.

६. वाटणी: हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, ब्यूटॅनॉल

आटवलेला अर्क पाण्यात कालवा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये क्रमाने तीन द्रावकांशी हलवा. हेक्झेनमध्ये मेण, तेलं आणि बरंचसं हरितद्रव्य जातं. इथाइल अॅसिटेटमध्ये आपलं बायबेंझिल आणि त्याची नातलग फेनॅन्थ्रीन येतात. ब्यूटॅनॉलमध्ये साखर जोडलेले ग्लायकोसाइड जातात. प्रत्येक द्रावकाच्या तीन खेपा करा.

ऑर्किडच्या बाबतीत या पायरीला अडथळा येतो तो इमल्शनचा. खोडातल्या चिकट पदार्थांमुळे दोन थरांच्या मधे दाट पांढुरका साय-पट्टा तयार होतो आणि तो तासन्‌तास हलत नाही. पहिला उपाय आधीच करायचा: अर्क थोड्या पाण्यात विरघळवून ढवळत ढवळत इथेनॉल घालायचं, शेवटचं प्रमाण ७५ ते ८० टक्के होईपर्यंत. पॉलिसॅकराइड दोऱ्या-दोऱ्यांनी खाली बसतात. ते गाळून टाका, इथेनॉल उडवा आणि मग वाटणीला घ्या. तरीही पट्टा आलाच तर मिठाचं संपृक्त द्रावण घाला, नाहीतर तो भाग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. फनेल जोरजोरात घुसळू नका. हळुवार उलटसुलट करा आणि दर वेळी वाफ सोडा.

अल्कलीने फिनॉल पाण्यात ओढून घ्यायची जुनी युक्ती पुस्तकांत सापडेल. बायबेंझिलसाठी मी ती टाळतो. अल्कलीत हवा लागली की फिनॉलचं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं आणि द्रावण बघता बघता तपकिरी होतं.

सुरक्षेचंही बघा. साधं हेक्झेन दीर्घकाळ श्वासात गेलं तर नसांना इजा करतं. हेप्टेनने काम होत असेल तर तेच वापरा. सगळं हूडमध्ये करा, आसपास ज्योत नको. आणि अर्काची चव कुणीही घेऊ नये. डेन्ड्रोबियम नोबिलमध्ये डेन्ड्रोबिन नावाचं विषारी अल्कलॉइडही असतं.

७. टीएलसी वाचायला शिका

हे जमलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. इथाइल अॅसिटेटचा भाग प्लेटवर लावा आणि हेक्झेन-इथाइल अॅसिटेट ७:३ मध्ये चालवा. मग एकच प्लेट तीनदा बघा.

२५४ नॅनोमीटरखाली बायबेंझिल हिरव्या पार्श्वभूमीवर गडद ठिपका देतात. ३६५खाली ते बहुतेक दिसेनासे होतात, फेनॅन्थ्रीन निळसर चमकतात आणि हरितद्रव्य लाल दिसतं. म्हणजे २५४ला गडद पण ३६५ला न चमकणारा ठिपका दिसला की पेन्सिलीने गोल करा, तो आपल्या शोधातला उमेदवार. शेवटी फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचं ताजं मिश्रण फवारा; फिनॉल लगेच निळे होतात. मिनिटाभराच्या आत फोटो काढा, कारण नंतर सगळी प्लेटच निळी पडत जाते. सहज ऑक्सिडेशन होणारे इतर पदार्थही या फवाऱ्याने निळे होतात, त्यामुळे एकट्या रंगावर निष्कर्ष काढू नका.

८. कॉलम

सिलिकाचं प्रमाण अर्काच्या वजनाच्या तीस ते पन्नासपट ठेवा. अर्क अॅसिटोनमध्ये विरघळवून दुप्पट सिलिकेवर आटवा आणि ती कोरडी भुकटी वर पसरा. द्रव ओतण्यापेक्षा पट्टे सरळ उतरतात. हेक्झेनने सुरुवात करून इथाइल अॅसिटेट हळूहळू वाढवा. एकदम मोठी उडी मारली तर सिलिका तापते, बुडबुडे येतात, कॉलमला भेग पडते आणि सगळे पट्टे एकमेकांत मिसळतात. आपला ठिपका टीएलसीवर ०.२ ते ०.३ उंचीवर राहील असं मिश्रण कॉलमला चांगलं.

एका कॉलममध्ये शुद्ध संयुग मिळत नाही. ज्या फ्रॅक्शनांत (कॉलममधून क्रमाने गोळा केलेल्या भागांत) ठिपका आहे त्या एकत्र करून सेफाडेक्स एलएच-२० वर मेथॅनॉलने चालवा. उरलेलं हरितद्रव्य इथे वेगळं होतं. सेफाडेक्स वापराआधी मेथॅनॉलमध्ये नीट फुगू द्या आणि कॉलम कधीही कोरडा पडू देऊ नका. नीट जपलं तर तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं. सगळ्यात शेवटी सी-१८ कॉलमवर एचपीएलसी, मेथॅनॉल-पाणी, २८० नॅनोमीटरला.

शुद्धता एकाच पद्धतीने ठरवू नका. टीएलसीवर तीन वेगवेगळ्या द्रावकमिश्रणांत एकच ठिपका आला, तरच एनएमआरकडे जा.

९. एनएमआर: हायड्रोजन मोजा

नमुना पूर्ण कोरडा करून ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये घ्या. जायगॅन्टॉलचा प्रोटॉन आलेख मोकळा आणि वाचायला सोपा आहे. २.८ पीपीएमच्या (आलेखावरची जागा मोजायचं एकक) आसपास ४ प्रोटॉन, म्हणजे मधला दोन कार्बनांचा पूल. ३.७ ते ३.९ च्या दरम्यान ३-३ प्रोटॉनांच्या दोन उभ्या रेघा, म्हणजे दोन मिथॉक्सी. ६.२ ते ६.९ मध्ये ६ सुगंधी (म्हणजे बेंझिन वलयावरचे) प्रोटॉन: त्यातले तीन ६.३च्या आसपास दाटीने, बाकीचे तीन ६.६च्या पुढे मोकळे. आणि दोन रुंद, बुटकी शिखरं हायड्रॉक्सिलची. ४, ६, ६, २, बेरीज १८. सूत्रातले हायड्रोजनही १८. हा हिशेब जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

इथले सापळे ओळखीचे आहेत. ३.४९ला दिसणारी उभी रेघ तुमच्या रेणूची मिथॉक्सी नव्हे, तो राहून गेलेला मेथॅनॉल आहे. १.२६, २.०५ आणि ४.१२ ही तिकडी इथाइल अॅसिटेटची. १.५६ म्हणजे पाणी. २.८ची शिखरं आहेत पण आठच्या आसपास एक एकटा सुगंधी प्रोटॉनही आहे, असं दिसलं तर हातात डायहायड्रोफेनॅन्थ्रीन असण्याची शक्यता जास्त: तिथे दोन वलयं आणखी एका बंधाने जोडलेली असतात. त्यांच्या आलेखात सुगंधी प्रोटॉनही कमी मोजले जातात.

मास आलेखात रेणू पुलाच्या बरोबर मधे तुटतो. जायगॅन्टॉलचे दोन्ही अर्धे सारख्याच वजनाचे, त्यामुळे १३७ला ठळक शिखर दिसतं. मॉस्कॅटिलिनचा रेणुभार ३०४. तो तुटला की १६७ आणि १३७ असे दोन वेगळे तुकडे होतात. कोणत्या वलयावर किती मिथॉक्सी आहेत हे यावरून कळतं. पण वलयावरची नेमकी जागा कळत नाही. त्यासाठी एचएमबीसी आणि एनओई हे एनएमआरचेच आणखी दोन प्रयोग करा: मिथॉक्सीच्या शेजारी कोणता प्रोटॉन आहे हे तिथेच दिसतं. भावंडांमधला फरक इथे ठरतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

१०. जपणूक आणि पुढचे दावे

शुद्ध संयुग तपकिरी काचेच्या बाटलीत, नायट्रोजन भरून, उणे २० अंशांवर ठेवा. बाटलीवर संयुगाचं नाव, वजन, तारीख, फ्रॅक्शन क्रमांक आणि हर्बेरियम क्रमांक पाचही लिहा.

यानंतर बहुतेक जण लगेच डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट गुण तपासणारी) चाचणी लावतात. ५१७ नॅनोमीटरला जांभळा रंग उतरतो आणि 'तीव्र अँटिऑक्सिडंट' अशी नोंद होते. मोकळा हायड्रॉक्सिल असलेलं जवळपास प्रत्येक फिनॉल हे करतं. त्यावरून शरीरात काय होईल ते कळत नाही. पेशींवरचे प्रयोग म्हणजे औषध नव्हे, आणि हे वाक्य निबंधातही स्पष्ट लिहा. ऑर्किडच्या औषधी गुणाचा बढवून केलेला दावा वाचून कुणीतरी रानातली खोडं कापायला जातं.

उरलेली भुकटी, कोऱ्या चाचणीची नोंद आणि एनएमआरच्या मूळ फाइली एकाच क्रमांकाखाली ठेवा, आणि निबंध पाठवताना त्या मूळ फाइलीही सोबत जोडा.